थोरल्या बेटावरची मुकी अंडी

१

एकोणीसशे सदुसष्ट साली नॉर्वेच्या हेल्गेलान किनाऱ्यावर उन्हाळा वेळेवर आला, पण थोरल्या बेटावर पिल्लं आली नाहीत.

त्या काळी आमच्या किनाऱ्यावर आयडर बदकं म्हणजे घरचीच माणसं होती. तशी ती रानटी पाखरं, पण वसंतात समुद्रातून वर येत ती थेट माणसाच्या दारात. बायका त्यांच्यासाठी दगडाफळ्यांची ठेंगणी घरं बांधत आणि आत वाळलेल्या समुद्रशेवाळाची गादी घालत. बदकीण त्या गादीवर स्वतःच्या छातीची मऊ लव उपसून अंथरी आणि अंडी घाली. पिल्लं घेऊन ती पाण्यात उतरली की मागे राहिलेली लव बायका गोळा करत, आणि तिच्या दुलया होत. जिच्याकडे बदकं जास्त, तिची मान चर्चमध्ये ताठ.

तर जूनच्या त्या सकाळी फौजदार सीवर्ट नाश्त्याला बसला होता. दार न वाजवताच योरुन आत आली. योरुन म्हणजे थोरल्या बेटाची मालकीण, उंच, हाडापेराची बाई. तिच्यात आणि सीवर्टमध्ये शाळेतल्या एका बाकाचं नातं होतं. तिनं हातातली परडी त्याच्या पावाशेजारी ठेवली. परडीत हिरवट रंगाची अंडी होती.

"फोड," ती म्हणाली.

"आधी बस तरी, योरुन. कॉफी घे."

"कॉफी प्यायला आले नाही मी. फोड म्हणते ना."

सीवर्टनं एक अंडं बशीच्या कडेवर फोडलं. त्याच्या बायकोनं नाकाला पदर, म्हणजे ॲप्रनचं टोक, लावलं आणि खिडकी उघडली. आत अंगठ्याएवढं पिल्लू होतं. डोळे आले होते, चोचीचा ठिपका आला होता, आणि तिथंच ते थांबलं होतं.

"सगळी अशीच?"

"एकूण एक. आणि आया अजून बसल्यात रे. दिवस भरून गेले तरी उठत नाहीत. हाडं निघालीत त्यांची. मी गेले की माझ्याकडे बघतात." तिचा आवाज क्षणभर फाटला. लगेच तिनं तो शिवूनही टाकला. "हे ओड्नीचं काम आहे. सासूबाईंनी मरताना काय सांगितलं ते तू कानांनी ऐकलंयस. मध्यउन्हाळ्याच्या होळीच्या आत तिला बेटावरून उठव."

सीवर्टनं ऐकलं होतं खरं. सात वर्षांपूर्वी म्हातारी डोर्थेआ गेली तेव्हा तो आणि पाद्री उशाशी होते. तिचे दोन मुलगे, योरुनचा नवरा पेडर आणि ओड्नीचा आयनार. तिनं थोरल्या सुनेला थोरलं बेट दिलं, धाकटीला धाकटं, आणि वर म्हणाली, "जिच्या हातून पाखरांचा जीव जाईल, तिचं बेट गेलं. ते दुसरीनं सांभाळायचं." आमच्याकडे मेलेल्या माणसाचा शब्द कोर्टाच्या कागदापेक्षा जड असे.

म्हणजे आमच्याकडे जूनमध्ये किनाऱ्यावर पेटते त्या होळीच्या आत सीवर्टला ठरवायचं होतं, धाकटी जाऊ बेघर व्हायची की नाही. ओड्नीचं घर त्या धाकट्या बेटावरच होतं. नवरा मासेमारीला उत्तरेला गेलेला, पदरी लहान मुलं.

"अगं, पण तिनंच केलं हे कशावरून?"

योरुननं परडी उचलली. "चल माझ्याबरोबर. माझी पाखरंच सांगतील तुला."

२

थोरल्या बेटावर उतरण्याआधी योरुननं सीवर्टचा फौजदारी कोट काढायला लावला आणि पेडरचं एक जुनं, विटलेलं जाकीट त्याच्या अंगात घातलं. स्वतः तिनं मातकट रंगाचा कोट चढवला. तो कोट ती दर वसंतात घाली, धूत नसे, ठिगळसुद्धा त्याच रंगाचं लावी.

"माझ्या मागं चाल. बोलू नको, शिंकू नको, हात हलवू नको."

"आणि श्वास?"

"हळू."

दोघं घरट्यांमधून फिरली. बदकिणी बसून होत्या, तपकिरी, स्थिर, दगडाशी एकरूप झालेल्या. योरुननं एकीच्या पाठीवरून बोट फिरवलं, तरी ती हलली नाही. मग तिनं सीवर्टला खूण केली, की तू एकटाच दोन पावलं पुढे हो. त्यानं पाऊल टाकताच तीन घरांतून पंख फडफडले आणि असा कलकलाट उठला की समोरच्या धक्क्यावरची माणसं वळून बघायला लागली.

"पाहिलंस?" योरुन कुजबुजली. "अनोळखी माणूस आला तर अख्ख्या गावाला कळतं. या वसंतात एकदाही असं उठली नाहीत ती. मी खिडकीतून नजर काढली नाही."

"मग कोणी आलंच नाही असं म्हण."

"आलं. पण त्यांच्या ओळखीचं आलं. सासूबाईंचा कोट कुणाकडे आहे? धाकटीकडे! थोरली असून मला नाही दिला. चाळीस वर्षं पाखरांनी तो कोट ओळखला. तो घालून ती आली असणार, आणि माझ्या लेकरांनी तिला आजी समजून जाऊ दिलं."

सात वर्षं त्या कोटाचा काटा तिच्या घशात होता हे सीवर्टला तेव्हा कळलं. मत्सर त्याला परका नव्हता. आधीचा फौजदार किती देखणा होता हे त्याची बायको रविवारी न चुकता सांगत असे.

बदकीण उडून गेलेल्या एका घरट्यापाशी तो वाकला. अंडी वरून धड होती. एकालाही तडा नव्हता, पण त्यांच्यावर एक तुकतुकी होती, लोण्याचा हात लागावा तशी. गादीतली शेवाळाची चिमूट त्यानं दोन बोटांत दाबली. एक वाळकी गाठ फट्कन फुटली. ती चिमूट त्यानं सवयीनं खिशात टाकली.

"गादी कोण घालतं?"

"माझ्याशिवाय कोण घालणार? मुठीनं खळगा करते मी, कोपरानं नाही. आणि शेवाळ माझ्याच किनाऱ्यावरचं. मी दुसऱ्याच्या किनाऱ्यावर वाकत नाही, सीवर्ट. नशीब शेवाळात असतं. ज्याचं शेवाळ, त्याची पाखरं."

हे आमच्याकडे सगळेच मानत. त्यात त्याला नवल वाटलं नाही.

बेटासमोरच्या योरुनच्या घरी परत आल्यावर त्यानं तिथल्या नावघरात, होड्या ठेवायच्या कोठारात, डोकावलं. पेडर उपड्या होडीला डांबर लावत होता. सबंध वसंत तो तेच करत आला होता. आत असा वास कोंडला होता की डोळ्यांत पाणी यावं.

"काय रे पेडर, बायको तुझी सांगते तसंच आहे का?"

"ती सांगते तसंच असतं," पेडर म्हणाला. "बदकांचे पाय पुसेल ती, पण माझ्या ओल्या मोज्यांकडे बघायची नाही. बारा वर्षांपूर्वी मला ताप आला होता, तेव्हा म्हणाली, हळू खोक, पाखरं बसलीत."

"मग तूच तर नाही ना काटा काढलास?"

पेडर हसला. मग एकाएकी हसायचा थांबला. ब्रश डब्यात ठेवून तो दाराकडे बघत हळूच म्हणाला, "सीवर्ट, एक गोष्ट आहे. मी तिला सांगितली नाही. एप्रिलमध्ये—"

"पेडर!" अंगणातून हाक आली.

"काही नाही," पेडर म्हणाला, आणि ब्रश पुन्हा उचलला.

३

गावाच्या टोकाला कोनराडच्या मिंकांच्या शेडा होत्या. कातड्यासाठी परदेशातून आणलेलं हे मुंगसासारखं जनावर. पिंजऱ्यातून सुटलेल्या मिंकांनी किनाऱ्यावरची कितीतरी बेटं ओस पाडली होती, आणि त्यामुळं गावात कोनराडला कोणी दुसरा कप कॉफी विचारत नसे. योरुननं तर त्याच्या शेडा बंद पाडायला अर्ज केला होता. सूड उगवायला त्याच्याकडे कारण होतं.

"या फौजदार, या!" कोनराड म्हणाला. माशांचं खाद्य कालवून त्याचे हात कोपरापर्यंत बरबटले होते. "कुणाची कोंबडी मेली? की कुणाची सासू?"

"थोरल्या बेटावरची अंडी."

"फुटलीत?"

"नाही. धड आहेत. आत पिल्लं मेलीत."

"मग माझ्या दारात कशाला आलास? मिंक अंडी धड ठेवतो होय? मिंक म्हणजे लाजरा जावई नव्हे, की ताटात काहीतरी शिल्लक ठेवील. तो शिरला असता तर आधी बदकिणींची मुंडकी मिळाली असती तुला."

सीवर्टला हे पटलं. गरुड असो, कावळा असो, मिंक असो, पोटासाठी मारणारं कोणीही अंडं फोडल्याशिवाय राहत नाही. आणि विष घातलं असतं तर आधी आया मेल्या असत्या. बसणारी बदकीण महिनाभर पाण्याच्या घोटावर असते, तिला कोण काय खाऊ घालणार?

"तू तिच्यावर रागावलेला आहेस, कोनराड."

"रागावलेला? जळतो मी!" कोनराडनं घमेलं खाली ठेवलं. "तिच्यावर नाही, त्या जहाजावर. मिंक सुटला की गाव माझ्या नावानं बोटं मोडतं. आणि ते जहाज नाताळात बाहेरच्या समुद्रात तेलाच्या टाक्या धुऊन गेलं, त्याला आहे का कुणी शिवी देणारं? दिसत नाही ना! आपण पाप केलं तर असं करावं, क्षितिजापलीकडून."

"कुठलं जहाज?"

"मला काय ठाऊक? रात्री गेलं. सकाळी किनाऱ्यावर पाखरं पडली होती, पोट काळं, चिकट. फुकटचं खाद्य म्हणून मी उचलून आणली आणि मिंकांना घातली. माझ्या चांगल्या माद्या आजारी पडल्या त्यानं. मुकाट बसलो. मिंक मेले म्हटल्यावर गावानं मेजवानी दिली असती."

"तू पाखरं उचललीस ती कुठल्या किनाऱ्यावरून?"

कोनराड जरा घुटमळला. त्या गावात त्याच्याशी नीट बोलणारं एकच घर होतं.

"बाहेरच्या खाडीतून," तो शेवटी म्हणाला. "ओड्नीच्या."

४

ओड्नी तेव्हा तिशीचीही नव्हती. गोल चेहऱ्याची, मोठ्यानं हसणारी, आणि मोठ्यानं भजन म्हणणारी, तेही बेसूर. सीवर्टची होडी धक्क्याला लागली तेव्हा ती नवऱ्याचा पिवळा रेनकोट घालून लाकडं फोडत होती.

"फौजदार, मला न्यायला आलात का? थांबा, वाफल्स भाजून ठेवलेत, खाऊन जाऊ."

"थट्टा नाही, ओड्नी. तुझ्यावर आळ आहे."

"ठाऊक आहे. दुकानात माझ्याशी कोणी बोललं नाही काल. जाऊबाई स्वतः बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सात वर्षं बोललेल्या नाहीत. माझ्याकडे पाखरं वाढली तेव्हापासून."

"मला तुझ्या सासूचा कोट बघायचाय."

ओड्नीनं कुऱ्हाड खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं. मग ती इतकी हसली की तिला ओंडक्यावर बसावं लागलं. तिनं त्याला स्वयंपाकघरात नेलं. चुलीमागं एका खोक्यात, उसवलेल्या, बाह्या नसलेल्या, केसाळ चिंधीवर एक मांजर पिल्लांना पाजत पडली होती.

"हा घ्या कोट. दोन वर्षांपूर्वी शिवणीवरच विरला. जाऊबाई ज्याच्यावर जळतात ना, त्यात माझी मांजर दोनदा व्याली."

"मग तू पाखरांत जातेस कशी?"

"ह्यांचा रेनकोट घालून आणि भजन म्हणत. पहिल्या वर्षी उडाली, दुसऱ्या वर्षी कंटाळली. आता मी गप्प बसले तर घाबरतात."

सीवर्टनं वाफलवर तपकिरी चीजचा काप ठेवला आणि विचारात पडून खाल्ला. पिवळा रेनकोट आणि बेसूर भजन. अशी बाई थोरल्या बेटावर उतरती तर कलकलाट पार पाद्र्याच्या घरापर्यंत गेला असता. पण पाखरं उठली नव्हती, ही योरुनचीच साक्ष होती. ती साक्ष खरी मानली तर ओड्नी सुटत होती. मग त्या बेटावर गेलं कोण?

दोघं बाहेरच्या खाडीकडे चालत गेली. ओहोटी होती. तिथल्या खडकांवर फुगीर गाठींचं शेवाळ पसरलं होतं आणि सीवर्टच्या बुटांखाली त्या गाठी फटाफट फुटत होत्या. आतल्या सामुद्रधुनीच्या, म्हणजे योरुनच्या, बाजूला असलं शेवाळ नव्हतं. तिकडे लांब, सपाट पट्ट्यांचं येई, घोड्याच्या लगामासारखं. सीवर्ट मध्येच उभा राहिला. त्याचा हात खिशात गेला.

"काय झालं?" ओड्नीनं विचारलं.

"काही नाही. शेवाळ वाळवायच्या तुझ्या दांड्या कुठायत?"

दांड्या उतारावर होत्या, रिकाम्या.

"नाताळात इथं काळं वाहून आलं," ओड्नी म्हणाली. "मला आधी कळलं नाही. शेवाळ गोळा केलं, दांड्यांवर घातलं. हिमात काही वास येत नाही ना. एप्रिलमध्ये ऊन लागलं तशी हाताला चिकटायला लागलं. म्हटलं, हे पाखरांखाली घालायचं नाही, होळीत टाकू, मस्त पेटेल. तसंच दांड्यांवर राहू दिलं. एक दिवस बघते तर दांड्या मोकळ्या. वाऱ्यानं नेलं असेल."

"वाऱ्यानं. दांड्या न पाडता."

"बरंच झालं म्हटलं, माझे कष्ट वाचले."

"आणि मग तू आपल्या घरट्यांत काय घातलंस?"

ओड्नीचा हसरा चेहरा दाराला कडी लागावी तसा बंद झाला.

"ते मी सांगणार नाही, फौजदार."

"ओड्नी, तुझं घर जाईल."

"मी शब्द दिलाय एका माणसाला. गेलं तर जाईल."

जाताना सीवर्टनं तिच्या एका बदकघरात वाकून पाहिलं. पिल्लं केव्हाच पाण्यात गेली होती. मागे उबदार लव होती, आणि तिच्याखाली लांब, सपाट पट्ट्यांचं शेवाळ.

५

होळीच्या आदल्या दुपारी सीवर्टनं सगळ्यांना योरुनच्या स्वयंपाकघरात बोलावलं. ओड्नी उंबऱ्यावरच थांबली. सात वर्षांत तिनं तो ओलांडला नव्हता.

"ये आत," पेडर म्हणाला. योरुननं कॉफीचे कप मांडले, पण तीनच. कोनराडचाही मांडला नाही.

"मी उभाच बरा," कोनराड म्हणाला. "बसलो तर खुर्ची धुवावी लागेल तुम्हाला."

सीवर्टनं साखरेचा खडा दातांत धरून बशीतली कॉफी ओढली आणि बशी खाली ठेवली.

"योरुन, तू म्हणतेस पाखरं या वसंतात एकदाही उठली नाहीत."

"शपथेवर सांगते."

"आणि ती फक्त ओळखीच्या कपड्यांना बसू देतात. सासूबाईंचा कोट दोन वर्षं ओड्नीच्या मांजरीखाली आहे. मी डोळ्यांनी पाहिलाय." योरुनचा चेहरा असा झाला की जणू तिचीच काही वस्तू चोरीला गेली. "म्हणजे घरट्यांपर्यंत गेलेलं माणूस एकच. तू."

"माझ्याच पाखरांना मी मारलं म्हणतोस? लाज वाटते का?"

"तू मारलं नाहीस. पण मरण तुझ्याच हातांनी गेलं. मला एक पांढरा वाडगा दे. आणि किटलीतलं कढत पाणी."

हे काम पेडरनं केलं. सीवर्टनं खिशातून ती वाळकी चिमूट काढून टेबलावर ठेवली.

"ही तुझ्या घरट्यातली. बघ, गाठी आहेत. आतल्या किनाऱ्यावर गाठींचं शेवाळ उगवत नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ते बाहेरच्या खाडीत होतं. आणि ओड्नीच्या घरट्यांत यंदा सपाट पट्ट्या आहेत, ज्या फक्त तुझ्या किनाऱ्यावर मिळतात. दोघींच्या गाद्या बदलल्या. का, ते पेडर सांगेल."

पेडरनं डांबरानं काळी झालेली बोटं एकमेकांत अडकवली. "एप्रिलमध्ये ओड्नी माझ्याकडे आली. तिचं शेवाळ बिघडलं होतं. आपल्या किनाऱ्यावरचं थोडं नेऊ का, विचारलं. मी म्हटलं, ने. पण योरुनला बोलू नको."

"का?" योरुन ओरडली. "मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस," पेडर म्हणाला.

"पण तू पाहिलंस," सीवर्ट हलकेच म्हणाला. "खिडकीतून नजर काढत नाहीस तू. भरदिवसा धाकटी जाऊ तुझ्या किनाऱ्यावर वाकून तुझं शेवाळ भरते आहे. म्हणजे तुझं नशीब भरून नेते आहे. तेव्हा तुला काय वाटलं असेल, योरुन?"

योरुननं चुलीत एक लाकूड सारलं.

"कोट नेला," योरुन शेवटी म्हणाली. "पाखरं नेली. दरवर्षी माझ्यातली आणखी काही तिच्याकडे जायची आणि मी खिडकीतून बघायची. आता शेवाळही? माझ्यापुढं दुसरा रस्ता नव्हता. ती चर्चला गेली तेव्हा होडी घेऊन गेले आणि तिच्या दांड्यांवरचं आणलं. तिचं नशीब माझ्या घरट्यांत. फिटंफाट. पाखरं परत येतील म्हटलं."

"आणि वास?"

"नावघरात ठेवलं होतं. तिथं डांबराशिवाय कसला वास येतो?"

सीवर्टनं चिमूट वाडग्यात टाकली आणि वर कढत पाणी ओतलं. सगळे पुढे वाकले. आधी काहीच झालं नाही. मग पाण्यावर एक बारीक ठिपका पसरला, आणि त्यात मोरपिसाचे रंग उमटले, निळा, हिरवा, जांभळा. दिसायला फार सुंदर होतं ते.

"हे कोनराड सांगतो त्या जहाजाचं तेल," सीवर्ट म्हणाला. "शेवाळावरून बदकिणीच्या छातीला, छातीवरून अंड्याला. अंडं कवचातून श्वास घेतं. आई जितकी मायेनं बसली, तितकं ते आत मुरलं."

योरुननं वाडग्यात पाहिलं, आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की कोनराडनंसुद्धा टोपी काढली.

"जाऊबाई," ओड्नी म्हणाली. "मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, ते खराब आहे म्हणून. एका शब्दाचं काम होतं हो."

योरुननं मान वर केली नाही.

"आता मला सांगायला हवं," सीवर्ट म्हणाला, "म्हातारीच्या शब्दाप्रमाणं थोरलं बेट—"

"थांबा," ओड्नी म्हणाली. "त्या जहाजाचं बेट असेल तर ते घ्या आधी. मला जाऊबाईंचं बेट नको. गावात माझं नाव गेलंय ते हवं. येत्या रविवारी चर्च सुटल्यावर पायऱ्यांवर उभं राहून जाऊबाईंनी एकच वाक्य म्हणावं: ओड्नीनं काही केलेलं नाही. मग बेट त्यांचं त्यांना लखलाभ. उद्या होळीला मी वाफल्सही आणीन."

सीवर्टचा जीव भांड्यात पडला. पेडरनं कधी नव्हे तो बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हण की गं. चार शब्द तर आहेत."

योरुन उठली. खिळ्यावर थोरल्या बेटावरच्या लवेच्या कोठीची किल्ली लटकत होती, ती तिनं काढली आणि टेबलावर, वाडग्याशेजारी, ओड्नीपुढं सरकवली.

"बेट घे."

"मला बेट नकोय, जाऊबाई. वाक्य हवंय."

"बेट घे," योरुन म्हणाली. "वाक्य माझ्याकडे नाही."

६

त्या शरदात योरुन आणि पेडर मुख्य भूमीवरच्या शहरात राहायला गेली. योरुननं ते वाक्य कधीच म्हटलं नाही, पण बेटाची किल्ली ओड्नीच्या कमरेला दिसल्यावर गावाला जे कळायचं ते कळलं, आणि दुकानात पुन्हा सगळे तिच्याशी बोलू लागले. पेडर तिकडे होड्यांच्या कारखान्यात लागला. त्याचं चांगलं चाललं. शहरात कोणी त्याला हळू खोकायला सांगत नसे, आणि म्हणूनच की काय, तो म्हातारपणी सारखा खोकत असे.

सीवर्टनं जहाजाविषयी वरपर्यंत लिहिलं. उत्तर आलं की जहाजाचं नाव कळवावं. ते त्याला कळवता आलं नाही, कुणालाच आलं नाही. तो निवृत्त झाल्यावर नवा फौजदार आला, तर सीवर्टची बायको त्याच्यापुढं सीवर्टची तारीफ करू लागली, असं ऐकलं.

कातड्याचा भाव पडला तेव्हा कोनराडनं शेडा मोडल्या. पुढची सगळी वर्षं तो एकटाच होडीतून सापळे घेऊन बेटाबेटावर सुटलेले मिंक पकडत फिरला. एकदा वादळात गेला तो परत आला नाही.

ओड्नीनं दोन्ही बेटं सांभाळली. थोरल्या बेटावर दर वसंतात ती गाद्या घाली आणि पहिली काही वर्षं कुणीही आलं नाही. पुढे थोडी पाखरं आली, पण पूर्वीसारखी नाहीत. पूर्वीसारखी आता आमच्या किनाऱ्यावर कुठंच येत नाहीत. आयनार समुद्रावरून सुखरूप परतत राहिला आणि शेवटी अंथरुणात मेला, ही त्या घराची मिळकत.

योरुन पुष्कळ जगली. शेवटी वृद्धाश्रमात होती. एका हिवाळ्यात ओड्नीनं तिला थोरल्या बेटावरच्या लवेची दुलई पाठवली. किती वसंतांची लव साठवून ती भरली असेल, देव जाणे. योरुननं ती उलटीपालटी करून पाहिली, शिवणीवरून नख फिरवलं आणि आणणाऱ्या मुलीला म्हणाली, "सांग तिला, टाके वाकडे आलेत."

मुलगी गेल्यावर नर्सनं विचारलं, मग ही कपाटात ठेवू का.

"हात लावू नको," योरुन म्हणाली, आणि दुलई तिनं गळ्यापर्यंत ओढून घेतली.